लिहिता लिहिताच ठरतं: बॅक्टेरियातला आरएनए जनुक चालू-बंद कसा करतो?

उन्हाळा लागला, गावातली विहीर आटली, की लोक खोल बोअरच्या पाण्याकडे वळतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत त्या पाण्यात खडकांमधून विरघळलेलं फ्लोराइड असतं. मग त्याच बातम्या पुन्हा येतात: मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे, मोठ्यांची पाठ आणि गुडघे आखडलेले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत. आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, तुरटी आणि चुना वापरून ते काढायची 'नालगोंडा' पद्धत विकसित केली. तिची माहिती या भागात अनेकांना आहे.

याच पाण्यात आणि मातीत बॅक्टेरियाही राहतात, आणि फ्लोराइड त्यांच्यासाठीही विषच आहे. साखरेतून ऊर्जा काढणाऱ्या साखळीतलं एक महत्त्वाचं एन्झाइम, इनोलेज, ते अडवतं. तरीही पुष्कळ बॅक्टेरिया तग धरतात. पेशीत फ्लोराइड वाढलं की ते बाहेर सोडणारी वाहिनी ते पेशीच्या आवरणात बसवतात. ही वाहिनी ज्या जनुकावरून बनते, ते एरवी बंद असतं आणि फ्लोराइड आलं की चालू होतं.

फ्लोराइड आलंय हे त्या जनुकाला सांगतं कोण? बरीच वर्षं जीवशास्त्रज्ञांनी अशा प्रश्नाचं उत्तर ठरल्यासारखं दिलं असतं: एखादं प्रथिन. 2012 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने दाखवलं, की इथे प्रथिन लागतच नाही. त्या जनुकावरून जो आरएनए लिहिला जातो, त्याचंच सुरुवातीचं टोक फ्लोराइडला पकडतं आणि पुढचं लिखाण चालू ठेवायचं की तोडायचं, हे ठरवतं. कोविडच्या काळात आरटी-पीसीआर आणि एमआरएनए लशींमुळे आरएनए हा शब्द घराघरांत पोचला, पण 'निरोप नेणारा' एवढीच त्याची ओळख झाली. ही ओळख फार अपुरी आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

आधी दहावीच्या पुस्तकातलं थोडं

डीएनएमध्ये जनुकं असतात. जनुक वाचून त्याची आरएनए प्रत काढणं म्हणजे प्रतिलेखन. हे काम करणाऱ्या यंत्राला आरएनए पॉलिमरेज म्हणतात. इथून पुढे मी त्याला नुसतं पॉलिमरेज म्हणेन. तयार झालेली आरएनए प्रत वाचून रायबोसोम प्रथिन बनवतो.

आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात असतं, प्रत तिथे तयार होते आणि बाहेर आल्यावर रायबोसोम ती वाचतो. बॅक्टेरियाला केंद्रकच नसतं. त्यामुळे पॉलिमरेज पुढे लिहीत असतानाच मागून रायबोसोम येऊन वाचायला लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आरएनएची अक्षरं चार: ए, यू, जी, सी. जी आणि सी यांची जोडी घट्ट जमते, कारण त्यांच्यात तीन बंध असतात. ए आणि यू यांच्यात दोनच, म्हणून ती जोडी सैल.

धागा एकच असेल, तर जोडी कुणाशी जमवणार?

डीएनएचे दोन धागे एकमेकांना धरून असतात. आरएनए सहसा एकटा असतो, त्यामुळे तो स्वतःच्याच दुसऱ्या भागाशी जोडी जमवतो. हे कागदावर करून पाहिलं की लगेच कळतं. कागदाची एक अरुंद पट्टी घ्या आणि तिच्यावर ओळीने लिहा: जी सी सी जी सी, मग ए ए ए ए, मग जी सी जी जी सी. आता पट्टी मधल्या चार ए-पाशी दुमडा. पहिला जी शेवटच्या सी-समोर येतो, दुसरा सी शेवटून दुसऱ्या जी-समोर, आणि अशा पाचही जोड्या बरोबर जुळतात. मधले ए वळणावर मोकळे राहतात. या घडीला हेअरपिन म्हणतात.

आता अशीच घडी, जी आणि सी भरपूर असलेली, आणि तिच्या लगेच पुढे सात-आठ यू ओळीने आले, तर काय होईल? पॉलिमरेज थांबतं, आरएनए सुटून बाहेर पडतो, प्रतिलेखन तिथेच संपतं. कारण सरळ आहे. पॉलिमरेजच्या आत नवा आरएनए काही अक्षरांपुरता डीएनएला धरून असतो. ती अक्षरं यू असली, तर ही पकड अगदी कच्ची असते. त्याच क्षणी बाहेर पडायच्या तोंडाशी घट्ट हेअरपिन तयार होते आणि आरएनएला ओढून काढते. या जोडगोळीला, म्हणजे हेअरपिन आणि तिच्या लगेच पुढचे यू यांना, आपण 'समाप्तीची घडी' म्हणू. बॅक्टेरियाच्या असंख्य जनुकांच्या शेवटी ती असतेच. इथे कुतूहलाची गोष्ट ही, की काही जनुकांत ती शेवटी नसून अगदी सुरुवातीला असते, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याच्याही आधी.

जी घडी आधी, तिचंच राज्य

आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या घालतात. गव्हाचा शिजवलेला चीक सोऱ्यात भरून दाबला की ओली तार उतरायला लागते. सगळी तार बाहेर येईपर्यंत कुणी वाट पाहत नाही. आधी उतरलेला वेढा पुढून येणाऱ्या तारेला तिथल्या तिथे चिकटतो, आणि एकदा चिकटला की सोडवणं अवघड. शेवटी कुरडईला कोणता आकार येईल, ते तार उतरतानाच ठरत जातं.

पॉलिमरेजमधून उतरणाऱ्या आरएनएचं असंच आहे. पुढचा भाग अजून लिहिलाच गेलेला नसतो, तोवर आधीचा भाग आपली घडी घालून बसतो. ई. कोलाय या बॅक्टेरियात पॉलिमरेज सेकंदाला साधारण 40 ते 80 अक्षरं लिहितं, म्हणजे पुढची वीस-तीस अक्षरं यायला एक सेकंदही लागत नाही.

आता समजा आरएनएचा एक मधला तुकडा असा आहे, की तो आपल्या आधीच्या भागाशीही जोडी जमवू शकतो आणि नंतरच्या भागाशीही. आधीच्या भागाशी जमली, तर समाप्तीची घडी पडत नाही आणि लिखाण पुढे जातं. नंतरच्या भागाशी जमली, तर समाप्तीची घडी पडते आणि लिखाण तुटतं. दोन्ही एकाच वेळी शक्य नाही. या दोहोंपैकी एका घडीला कुणी जराशी मदत केली, की अख्ख्या जनुकाचा निकाल लागतो. बॅक्टेरियांनी नेमकं हेच साधलं आहे. मदत करणारा कोण, एवढंच जनुकागणिक बदलतं.

फ्लोराइड ही मदत कशी करतं?

बॅसिलस सिरियस नावाच्या, मातीत सर्रास सापडणाऱ्या बॅक्टेरियात हे बारकाईने तपासलं गेलं आहे. फ्लोराइडच्या वाहिनीचं जनुक लिहायला सुरुवात झाली, की आरएनएचा पहिला भाग बाहेर येऊन एक गुंतागुंतीची घडी घालतो. फ्लोराइड असो वा नसो, ही घडी पडतेच. 2016 मध्ये ज्युलियस लक्स यांच्या गटाने पॉलिमरेजला वेगवेगळ्या अक्षरांवर थांबवून, त्या त्या क्षणी बाहेर आलेल्या आरएनएचा आकार मोजला, तेव्हा हे दिसलं. फरक पडतो तो त्यानंतर. फ्लोराइड नसेल, तर मागून उतरणारा तुकडा या घडीत घुसतो, तिची अक्षरं आपल्याकडे ओढतो आणि समाप्तीची घडी तयार करतो. लिखाण संपलं, वाहिनी बनली नाही. फ्लोराइड असेल, तर पहिली घडी थोडा वेळ अधिक टिकून राहते, आणि तेवढ्यात पॉलिमरेज यू-ची रांग ओलांडून पुढे निघून जातं. आता समाप्तीची घडी पडली तरी उपयोग नाही.

म्हणजे फ्लोराइडने आरएनएला नवा आकार दिलाच नाही. त्याने फक्त जुना आकार सेकंदाच्या अंशाइतका जास्त टिकवला.

हे इतकं थोडक्यात कसं भागतं, याचा शोध नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या ची झांग यांच्या गटाने घेतला. फ्लोराइड धरलेला आणि न धरलेला आरएनए शेजारी ठेवले, तर दोघांचा आकार जवळजवळ सारखाच दिसतो. मात्र न धरलेला आरएनए अधूनमधून, शंभरातला साधारण एक हिस्सा वेळ, काही मिलिसेकंदांसाठी एका ठिकाणी सुटतो. तेवढ्या फटीतून मागचा तुकडा आत शिरतो. फ्लोराइड बसलं, की हे सुटणंच बंद होतं. मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते: स्थिर चित्रात दोन्ही सारखे, आणि जनुकाचं भवितव्य त्या क्षणभराच्या हालचालीवर.

पण फ्लोराइड ऋण, आरएनएही ऋण. मग पकडतो कसा?

ही शंका रास्त आहे. आरएनएच्या कण्यावर ऋण प्रभार असतो आणि फ्लोराइडचा आयनही ऋण. दोघांनी एकमेकांना दूर ढकलायला हवं. उत्तर 2012 मध्येच मिळालं. मुंबईत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणारे दिनशॉ पटेल यांच्या गटाने, उष्ण ठिकाणी राहणाऱ्या एका बॅक्टेरियातल्या याच आरएनएची स्फटिक-रचना काढली. त्यात फ्लोराइडच्या भोवती मॅग्नेशियमचे तीन धन आयन आहेत, आणि त्या तीन मॅग्नेशियमना आरएनएच्या कण्याने बाहेरून धरलं आहे. आरएनए थेट फ्लोराइडला हात लावतच नाही. या तिघांच्या मधली जागा इतकी मोजकी आहे, की आकाराने मोठा असलेला क्लोराइड तिथे बसत नाही. हे फार गरजेचं आहे, कारण क्लोराइड साध्या मिठातलंच, सगळीकडे मुबलक. त्याला पाहून वाहिनी सुरू झाली असती तर सगळी यंत्रणा निरुपयोगी ठरली असती.

हे एकट्या फ्लोराइडपुरतंच आहे का?

नाही. एखादा लहान रेणू किंवा आयन स्वतः पकडून जनुक चालू-बंद करणाऱ्या आरएनएच्या तुकड्याला रायबोस्विच म्हणतात. 2002 साली ब्रेकर यांच्या गटाने, आणि न्यूयॉर्कमध्ये एव्हगेनी नुडलर यांच्या गटाने, असे पहिले तुकडे ओळखले. ते व्हिटॅमिनांच्या रूपांना पकडत होते: बी-1, बी-2, बी-12. त्यानंतर अमिनो आम्लं, डीएनएची घटक-अक्षरं, मॅग्नेशियम अशा कितीतरी गोष्टींचे रायबोस्विच सापडले. आज त्यांचे पन्नासहून अधिक प्रकार माहीत आहेत. काही प्रतिलेखन तोडतात, काही प्रतिलेखन होऊ देतात पण रायबोसोमला बसू देत नाहीत.

आणि प्रत्येक वेळी आरएनएने काही पकडलंच पाहिजे असंही नाही. सर्वांत आधी उलगडलेलं उदाहरण तर वेगळंच आहे, आणि त्यासाठी मघाचा मागून येणारा रायबोसोम लागतो.

ट्रिप्टोफॅन हे एक अमिनो आम्ल. ई. कोलायला ते बाहेरून मिळालं नाही, तर पाच जनुकांच्या मदतीने तो स्वतः बनवतो. स्टॅनफर्डमध्ये चार्ल्स यानोफ्स्की यांनी 1970 च्या दशकात या जनुकांचा पाठपुरावा केला. जनुकांच्या आधी आरएनएचा एक लहान भाग लिहिला जातो. त्यात अवघ्या 14 अमिनो आम्लांच्या साखळीची कृती असते. साखळी स्वतः काही कामाची नाही. पण तिच्यात लागोपाठ दोन ट्रिप्टोफॅन आहेत, आणि एरवी प्रथिनांत ट्रिप्टोफॅन क्वचितच येतं. ही मेख मुद्दाम मारलेली.

रायबोसोम ही साखळी वाचत पॉलिमरेजच्या मागून येतो. पेशीत ट्रिप्टोफॅन भरपूर असेल, तर तो न अडखळता पुढे जातो आणि आरएनएचा त्यापुढचा एक तुकडा आपल्या अंगाखाली झाकतो. मग त्या तुकड्याला जोडी जमवता येत नाही, पुढच्या दोन तुकड्यांची समाप्तीची घडी पडते आणि लिखाण थांबतं. ट्रिप्टोफॅन आहेच, बनवायचं कशाला? ट्रिप्टोफॅन कमी असेल, तर रायबोसोम त्या दोन जागांवर खोळंबतो. तो पुढचा तुकडा मोकळा राहतो, त्याच्यानंतरच्या तुकड्याशी जोडी जमवून समाप्तीची घडी हाणून पाडतो आणि पाचही जनुकं लिहिली जातात. माल संपलाय हे कळायला तो माल वापरणाऱ्याचंच अडखळणं पुरतं.

बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या बॅक्टेरियाने याच ट्रिप्टोफॅनसाठी वेगळी वाट धरली आहे. तिथे 11 सारख्या घटकांचं एक कड्यासारखं प्रथिन ट्रिप्टोफॅन घेऊन आरएनएला आपल्याभोवती गुंडाळून घेतं, आणि त्यामुळे समाप्तीची घडी पडते. वाटा दोन, शेवटची युक्ती तीच.

लिहायला घेऊन मधेच सोडणं म्हणजे उधळपट्टी नाही का?

हिशेब मांडून पाहू. ट्रिप्टोफॅनच्या पाचही जनुकांची प्रत सुमारे 7,000 अक्षरांची असते. समाप्तीची घडी पडली, तर लिखाण साधारण 140 अक्षरांवर थांबतं. खर्च झाला तो दोन टक्क्यांचा, आणि तुटलेल्या आरएनएची अक्षरं पेशी पुन्हा वापरते. शिवाय पूर्ण प्रत निघाली असती, तर तिच्यावरून प्रथिनं बनवण्याचा त्याहून मोठा खर्च झाला असता.

प्रथिनाचा पहारेकरी ठेवला असता तर? ई. कोलायकडे तोही आहे. ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तेव्हा एक प्रथिन डीएनएवर बसून लिखाणाची सुरुवातच अडवतं. त्याने सुमारे 70 पट फरक पडतो. आरएनएच्या घडीने आणखी सुमारे 10 पट. दोन्ही मिळून जवळपास 700 पट. त्यामुळे प्रथिन की आरएनए असा वादच इथे गैरलागू आहे. पण फ्लोराइडसारख्या ठिकाणी वेगळं प्रथिन बनवण्याचा, सांभाळण्याचा खर्च पूर्ण वाचतो, हेही खरंच.

मग या आरएनएने गावचं पाणी शुद्ध होईल का?

शुद्ध होणार नाही. रायबोस्विच फ्लोराइड ओळखतो, काढून टाकत नाही. पण ओळखणं हेसुद्धा खेड्यात अवघड काम आहे. नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि निकालाची वाट पाहावी लागते.

लक्स यांच्या गटाने 2020 मध्ये याचा उपयोग करून दाखवला. बॅक्टेरियाच्या पेशी फोडून त्यातलं पॉलिमरेज, रायबोसोम वगैरे बाजूला काढलं. त्यात फ्लोराइडचा रायबोस्विच असलेला डीएनए घातला, पण त्याच्यापुढे वाहिनीच्या जनुकाऐवजी पिवळा रंग आणणाऱ्या एन्झाइमचं जनुक जोडलं. मग सगळं वाळवून लहान नळीत ठेवलं. तिच्यात पाणी टाकायचं. फ्लोराइड जास्त असेल तर पिवळं होतं. कोस्टा रिका या देशात प्रत्यक्ष जागेवर जाऊन त्यांनी हे तपासलं. जिवंत बॅक्टेरिया यात नसल्यामुळे तो पसरण्याची भीतीही नाही.

आपल्या दृष्टीने एक अडचण मात्र स्पष्ट सांगायला हवी. ती नळी लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या पातळीसाठी तयार केली होती, कारण अमेरिकेतल्या मानकांपैकी सर्वांत कडक आकडा तोच. आपली मर्यादा 1 ते 1.5 आहे. लिटरमागे 1.7 मिलिग्रॅमचं पाणी ती नळी कदाचित निर्धोक ठरवेल आणि आपल्या नियमात ते धोक्याचं असेल. विदर्भासाठी असं काही करायचं, तर उंबरठा खाली आणावा लागेल. नीरीसारखी संस्था इथेच असताना हे काम नागपुरात व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रोग बरे करायला याचा काही उपयोग?

इथे सर्वांत जास्त आशा आहे आणि सर्वांत जास्त अडथळेही. ट्रिप्टोफॅनसारखी युक्ती आपल्या पेशीत शक्यच नाही, कारण आपल्याकडे लिखाण केंद्रकात आणि वाचन बाहेर होतं. बी-1 व्हिटॅमिन पकडणारा रायबोस्विच बुरशी आणि वनस्पतींत आहे, पण रायबोस्विचचा खरा भरणा बॅक्टेरियातच. म्हणून फक्त बॅक्टेरियाला बाधेल अशा औषधासाठी हे लक्ष्य चांगलं.

2015 मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी रायबोसिल नावाचा रेणू शोधला. बी-2 व्हिटॅमिन पुरेसं झालं की बॅक्टेरियातला एक रायबोस्विच ते बनवणं थांबवतो. रायबोसिल त्या व्हिटॅमिनच्या जागी जाऊन बसतो. व्हिटॅमिन भरपूर आहे असा समज होऊन बॅक्टेरिया ते बनवत नाही आणि उपाशी मरतो. उंदरांमधला संसर्गही त्याने कमी झाला.

बॅक्टेरिया याला प्रतिकार निर्माण करणार नाहीत का, असं कुणी विचारेल. करतात. रायबोसिलला दाद न देणारे बॅक्टेरिया तपासले, तेव्हा त्यांच्या रायबोस्विचमधलीच अक्षरं बदललेली निघाली. रेणू नेमका कुठे काम करतो याचा पुरावाही त्यातूनच मिळाला. आणि प्रतिकाराच्या बाजूने आरएनएच्या घड्या स्वतःही उभ्या असतात. 2016 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रोटेम सोरेक यांच्या गटाने लिस्टेरिया या बॅक्टेरियात एक प्रतिकार-जनुक दाखवलं. त्याच्या सुरुवातीला समाप्तीची घडी असते, त्यामुळे एरवी ते बंद. लिंकोमायसिन हे अँटिबायोटिक आलं की ती घडी पडत नाही आणि जनुक चालू होतं. औषध समोर आल्यावरच प्रतिकाराचा खर्च करायचा, अशी ही व्यवस्था.

दुसरा अडथळा अधिक साधा आणि अधिक चिवट आहे. रायबोसिल शोधताना वापरलेला ई. कोलाय मुद्दाम कमजोर केलेला होता: बाहेरचं आवरण सैल आणि आत आलेलं औषध बाहेर फेकणारे पंप काढून टाकलेले. रुग्णाच्या शरीरातल्या ई. कोलायकडे आवरणही शाबूत असतं आणि पंपही. तिथे आरएनएपर्यंत पोचेल असा रेणू घडवणं, हेच या कामातलं सर्वांत अवघड पाऊल आहे.